उजव्या खांद्यावरचे ओरखडे

आमच्या घरी दर मंगळवारी देवीची आरती होते. इथल्या शनवारा भागातली आठ-दहा घरं येतात, प्रसाद घेतात, घटकाभर बसून आपापली सुखदुःखं बोलतात. गेल्या काही महिन्यांपासून या मंडळींत एक गोष्ट फिरते आहे. माझ्या पत्नीच्या, मालतीच्या ऑपरेशनला देवीनं आधी नकार दिला, मग योग्य वेळ आल्यावर होकार दिला, आणि म्हणून ती वाचली, अशी ती गोष्ट. सांगणारे प्रेमानं सांगतात, ऐकणारे हात जोडतात. आणि ज्याला खरं काय ते माहीत आहे तो मी, निरांजन हातात धरून गप्प उभा असतो. मागच्या मंगळवारी आरतीला येणाऱ्या एका बाईंनी आपल्या आजारी बहिणीला सोबत आणलं होतं. तिलाही पोटाचंच दुखणं होतं. त्या बाई बहिणीला म्हणाल्या, "आधी काकांकडून कौल लावून घे. देवी हो म्हणाली तरच डॉक्टरकडे जा." ते ऐकलं आणि मी हातातला प्रसाद परत ताटात ठेवला. माझ्या गप्प बसण्यानं आता दुसऱ्या कुणाच्या घरात दुखणं मुक्कामाला येणार होतं. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो आहे.

आमचं मूळ घराणं साताऱ्याकडचं. पेपर मिलमध्ये काम मिळालं म्हणून वडील नेपानगरला आले, तेव्हा कपड्यांच्या पेटीत गुंडाळून त्यांनी ही पितळेची देवी आणली, आणि तिच्याबरोबर कौल लावायची घरची रीतही. मूर्तीला आंघोळ घालायची, ओल्या अंगावर दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी लावायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इकडच्या लोकांना ही रीत नवी होती, त्यामुळे वडिलांकडे कॉलनीतली माणसं मुलीच्या लग्नापासून बोअरवेलच्या जागेपर्यंत सगळं विचारायला येत. पुढे मीही त्याच मिलमध्ये लागलो. निवृत्त झाल्यावर बुऱ्हाणपुरात घर केलं तेव्हा देवी, कौल आणि माणसांचं येणंजाणं, सगळं माझ्याकडे आलं. त्याचा मला थोडा अभिमानही होता, हे लपवत नाही.

मालती रावेरकडची, केळीच्या मळ्यात वाढलेली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिची बोली तिनं सोडली नाही आणि माझी सातारी बोली तिनं कधी मनावर घेतली नाही. आमची संध्या पोट फाडून जन्माला आली, ते तिचं पहिलं ऑपरेशन. दुसरं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. अपेंडिक्स आतच फुटलं होतं आणि विष पोटभर पसरलं होतं. ते ऑपरेशन चाललं असताना मी बाहेर बाकावर बसलो होतो, संध्या येऊनजाऊन होती. मधेच एक डॉक्टर बाहेर आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवाचं नाव घ्या," आणि परत आत गेले. मी नाव घ्यायला गेलो तर एकही नाव आठवेना. रोज पूजा करणारा माणूस मी, देवीचं नावसुद्धा तोंडातून निघेना. ती वाचली. पण त्या बाकावर माझ्यातलं काहीतरी मोडलं, आणि मी मनाशी पक्कं करून टाकलं की ही आता पुन्हा त्या दाराच्या आत जाणार नाही.

पुढे तिचं पोट दुखायला लागलं. कधी महिन्यातून एकदा, कधी आठवड्यातून दोनदा. जेवण झालं की ती पायरीवर जाऊन बसायची, गुडघे पोटाशी घ्यायची. "आतून कोणीतरी पदर धरून ओढून राहिलं," असं सांगायची. मी ओवा दिला, हिंग लावला, वात आहे म्हणालो, वय आहे म्हणालो. संध्या इंदूरला असते, ती एकदा येऊन आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं की आधीच्या ऑपरेशनांमुळे आतली आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटली असावीत. असं बऱ्याच जणांना होतं. कुणाला काही त्रास नसतो, कुणाला फार असतो. दुखणं असंच राहिलं तर दुर्बिणीतून आत बघावं, लागलंच तर चिकटलेलं सोडवावं, पण दोनदा उघडलेल्या पोटात पुन्हा शिरणं जोखमीचं असतं, त्यामुळे विचार करून ठरवा. संध्या मला म्हणाली, "बाबा, टेन्शन नका घेऊ, छोटे छोटे छेद असतात. तीन-चार दिन में घर." मालती म्हणाली, "कौल लावा. देवी म्हणेल तसं."

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. मिलमध्ये मी फिनिशिंग खात्यात होतो. कागदाची मोठमोठी रिळं गुंडाळायची आणि त्यांवर लेबल डकवायचं, हे आमचं काम. खळ किती घट्ट शिजवली म्हणजे कागद सुटत नाही आणि डागही दिसत नाही, हे माझ्या बोटांना झोपेतही कळतं. कौल लावायच्या सकाळी मालती संध्याला घेऊन भाजी आणायला गेली असताना मी वाटीत चिमूटभर मैदा शिजवला. मूर्तीच्या उजव्या खांद्यावर त्या खळीचा ठिपका ठेवला आणि त्यावर पाकळी दाबून धरली. डावी नुसत्या पाण्यानं लावली. मग मायलेकी येऊन हात जोडून बसल्या. थोड्या वेळानं डावी पाकळी घसरून देवीच्या पायाशी पडली. उजवी हलली नाही, हलणारच नव्हती. संध्याचे डोळे भरून आले. मालतीनं मात्र देवीला डोकं टेकवलं आणि हसून म्हणाली, "चला, सुटले."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती पाकळी काढून टाकायचं माझ्या मनात होतं. पण मी उठण्याआधीच देव्हारा आवरलेला होता, मूर्ती लखलखीत होती. चिंचेनं घासताना पाकळी आपोआप निघाली असेल असं समजून मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर मालती पुन्हा दुर्बिणीचं नाव काढेना. तिचं जेवण हळूहळू कमी होत गेलं. भाकरी गेली, मग डाळ पातळ झाली. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी म्हणजे तिचा जीव, पण ती आणली की तुकडाभर मोडून घ्यायची आणि बाकीची माझ्या ताटात सरकवायची. तिच्या ताटाकडे मी पाहत असे आणि नजर देव्हाऱ्याकडे वळवत असे. आणि तिथेही फार वेळ बघवत नसे.

गेल्या थंडीत एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. पोट फुगलं, वारासुद्धा सरेना. मी तिला इथल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जन म्हणजे तरुण बाई, संध्यापेक्षाही लहान वाटतील अशा. तपासण्या झाल्या, नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. आतड्याचा मार्ग बंद झालाय, चिकटलेल्या ठिकाणीच कुठेतरी अडकलंय, असं त्यांनी सांगितलं. कधी कधी विश्रांती दिली की आपोआप सुटतं, एक दिवस वाट बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोटावर हात ठेवला, पुन्हा फोटो बघितले आणि मान हलवली. "अम्मा, आज करना पड़ेगा. दूरबीन से करने की कोशिश करूँगी, नहीं हुआ तो खोलना पड़ेगा."

मालती नळी सांभाळत हळू आवाजात, पण ठाम म्हणाली, "डॉक्टरीणबाई, पहले हमारे घर कौल लगने दो. उसके बाद ले जाओ."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी अडखळत कौल म्हणजे काय ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. घड्याळाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "दोपहर तक, बाबूजी. और दर्द बढ़ा तो उतना भी नहीं."

शेजारच्या खाटेवर एक बोहरी गृहस्थ होते. ते आणि त्यांची पत्नी गुजरातेतून इथल्या दर्ग्याच्या जियारतीला, म्हणजे दर्शनाला, आले होते. त्याच सकाळी त्यांना परत निघायचं होतं, पण खाण्यात काहीतरी येऊन साहेबांचं पोट बिघडलं आणि ते इथे अडकले. त्यांची पत्नी, बोहरी बायका घालतात तशा फिकट हिरव्या, झालरीच्या रिद्यातली, मालतीच्याच वयाची, आमचं सगळं बोलणं ऐकत होती. ती उठून आली, मालतीच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "बेन, मेरा भी यही हुआ था. पहले बड़ा आपरेशन, फिर अंदर सब चिपक गया. दूरबीन से निकाला. देखो, तीन बिंदी, बस." तिनं रिद्याच्या आडोशानं मालतीला काय दाखवायचं ते दाखवलं. मग पिशवीतून फणी काढून तिचे विस्कटलेले केस विंचरायला घेतले आणि मला म्हणाली, "भाईसाहब, आप घर हो आओ. मैं बैठी हूँ." माझ्याच घरचं माणूस तिथे बसलंय अशा भरवशानं मी निघालो.

घरी येऊन हातपाय धुतले, मूर्ती ताम्हनात घेतली, आंघोळ घातली. अंगणातल्या तगरीच्या दोन पाकळ्या आणल्या. या वेळी फसवाफसवी करायची नाही असं वाटेतच ठरवलं होतं. पण पाकळी हातात घेतली आणि हात थांबला. उजवी पडली तर मालती आत जाणार आणि मी त्या बाकावर बसणार. डावी पडली तर आजचा नकार खरा असेल, मग तिला मी कुठल्या तोंडानं आत पाठवू? देवी काहीही म्हणाली तरी ते मला झेपणार नव्हतं. मग मी तिला इतकी वर्षं विचारत तरी काय होतो? आयुष्यभर लोकांचे प्रश्न तिच्यापुढे ठेवले, आणि माझा स्वतःचा प्रश्न आला तेव्हा उत्तर आधीच शिजवून आणलं. अशा माणसानं तिच्यापुढे बसावं कसं, हेच मला कळेना.

तरीही पाकळी लावायला म्हणून ओल्या अंगठ्यानं उजव्या खांद्यावरची जागा चाचपली. अंगठ्याला काहीतरी खरखरलं. खिडकीतून ऊन येत होतं, मूर्ती त्या उजेडात धरली. उजव्या खांद्यावर बारीक बारीक ओरखडे होते, सुईच्या टोकानं ओढावेत तसे. डावा खांदा गुळगुळीत होता. आमच्याकडे देवी घासायचं काम मालतीचं, मी फक्त कपाळाला गंध लावतो. चिंचेनं वाळलेली खळ निघत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ती खरवडावी लागते. त्या पहाटे कुणीतरी मूर्तीला इजा होऊ नये म्हणून जपत जपत, थोडं थोडं करत ती खळ खरवडली होती, आणि मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

देवीनं मला उत्तर दिलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा माझा अधिकार मी फार आधीच घालवला आहे. एवढंच सांगतो की इतकी वर्षं ती मूर्ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि ते ओरखडे मला त्याच दिवशी दिसले. पाकळ्या तिच्या पायाशी ठेवल्या. "तूच सांभाळ," एवढंच म्हणालो. बाकावर बसून जे नाव आठवलं नव्हतं ते त्या वेळी आपोआप तोंडात आलं. कौल न लावताच दाराला कडी घातली आणि निघालो.

मालतीच्या केसांची घट्ट वेणी घातलेली होती. मला बघून तिनं विचारलं, "लागला कौल?"

"लावलाच नाही," मी म्हणालो. ती बोहरी बाई जवळच होती, पण आता मला कुणाची लाज उरली नव्हती. "मागच्या वेळी उजव्या पाकळीखाली मी खळ लावली होती, मालती. देवीनं तुला नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं."

तिनं डोळे मिटले. कळ आली असेल म्हणून मी घाबरलो. पण तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं.

"मैद्याची होती," ती म्हणाली. "लय घट्ट शिजवली होती. माह्या केसांचा आकडा वाकला खरवडता खरवडता."

"तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मागच्या टायमाले तुम्ही बाहेर कसे बसले होते, ते संध्यानं सांगितलं होतं मले. पाणीसुद्धा प्यायले नाही म्हणे. मी म्हटलं, माह्या पोटात दुखते ते दुखते, या माणसाले पुन्हा तिथं कशाला बसवू? आन् खरं सांगू का, भ्यालेली तर मीपण होती. तुम्ही खळ लावली, मले बरंच वाटलं."

"मग आज कौल कशाला मागितलास?"

तिनं नाकातली नळी बोटानं सावरली. नळीमुळे बोलायला त्रास होत होता. "देवी कधी नाही म्हणून राहिली होती? मले तुमच्या तोंडून हो ऐकायचं होतं."

दारात स्ट्रेचर येऊन उभं होतं. बोहरी बाईला आमची मराठी किती समजली कोण जाणे, पण ती माझ्या दंडाला हलकंच हात लावून म्हणाली, "भाईसाहब, बेन को हाँ बोल दो."

मी मालतीचा हात धरला. "हो," म्हणालो. "जा तू. मी बसतो बाहेर."

"नीट बसा," आत नेता नेता ती म्हणाली. "आन् चहा प्या. मागच्यासारखं नाटक नको."

ऑपरेशन बराच वेळ चाललं. ती बाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली, तिच्या बोटांत तसबीची माळ फिरत होती. मधेच तिनं माझ्या हातावर दोन खजूर ठेवले आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला. मी चहा प्यायलो. भीती गेली होती असं नाही. पण या वेळी ती माझ्या एकट्याची नव्हती, त्या भीतीच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती बाई बसली होती.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा कपाळावर टोपीचा वळ उठला होता. पोट उघडावं लागलं नाही, दुर्बिणीतूनच झालं. आतून आतडी जागोजागी चिकटली होती, आणि दोरीसारखा एक पट्टा आतड्यावर फास घालून बसला होता. तो कापला, अडथळा होता तेवढंच जपून मोकळं केलं, कुठेही छिद्र पडू दिलं नाही. मी विचारलं, आधी केलं असतं तर?  त्या म्हणाल्या की कदाचित इतकं सोसावं लागलं नसतं, पण आत काय झालं असतं ते कुणी सांगू शकत नाही. पुन्हा चिकटणार नाही अशी खात्रीही त्या देईनात. मला त्यांचं हे बोलणं आवडलं. खात्री देणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, त्यांतला एक तर रोज आरशात दिसतो.

संध्याकाळी संध्या इंदूरहून पोचली. तिलाही सगळं सांगितलं. ती उठून आईच्या खाटेपाशी जाऊन बसली, आणि तिचं बरोबर होतं. शेवटी म्हणाली, "बाबा, निदान मुझे तो बता देते." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची खाट रिकामी होती. साहेबांना बरं वाटल्यामुळे ते पहाटेच्या गाडीनं गेले होते. मालतीच्या उशाशी खजुराची एक पुडी ठेवलेली होती. आम्ही त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तिच्या पतीचं पोट त्याच दिवशी का बिघडावं, तिचंही दुखणं नेमकं आमच्यासारखंच का असावं, यावर मी खूप विचार केला आणि मग सोडून दिला. मिळालं ते दोन्ही हातांनी घ्यावं, एवढंच मला कळतं. रोज गंध लावताना मी त्या अनोळखी बाईसाठीही हात जोडतो.

आता मी कौल लावत नाही. आरतीला येणाऱ्यांना हे वाचून वाईट वाटेल, कुणी माझ्याकडे यायचंही बंद करेल. तो त्यांचा हक्क आहे. त्या बहिणीला मात्र माझं सांगणं आहे की उद्याच डॉक्टरांना दाखवा. ते म्हणतील तसं करा. घरच्यांना बाहेर बसायची भीती वाटत असेल तर मला बोलवा, मी सोबतीला येऊन बसतो. एवढं काम मला आता जमतं. देवीवर सगळं सोपवलं असं मी आयुष्यभर म्हणत आलो, पण माझी भीती मात्र माझ्याच मुठीत घट्ट धरून ठेवली होती. तीच आधी तिच्यापुढे ठेवायला हवी होती.

मूर्तीला पॉलिश करून ओरखडे काढून टाकावेत असं एकदा माझ्या मनात आलं होतं. मालती म्हणाली, "राहू द्या. माही मेहनत हाये ती."

परवा शुक्रवारी मी मावा जिलेबी आणली. देवीपुढे ठेवली, मग पायरीवर दोघं खायला बसलो. मालतीनं एक जिलेबी अख्खी खाल्ली, बोटं चाटली, पोटावर हात ठेवून जरा वाट बघितली. काही दुखलं नाही. मग देव्हाऱ्याकडे मान वळवून माझ्याकडे मिश्कील बघत म्हणाली, "विचारता का देवीले, अजून एक खाऊ का?"

मी पुडा तिच्यापुढे सरकवला.

"खा," म्हणालो.